व्होल्टेज आणि करंटवरून रोध व वॅट काढताना आधी लोड, म्हणजे वीज घेणारी वस्तू, ओळखा

नागपूरच्या मानेवाड्यातून आलेला प्रश्न असा आहे. घरच्या लोखंडी कूलरच्या पंख्याला २२६ व्होल्ट मिळतात आणि करंट ०.८६ अँपिअर जातो. व्होल्टेजला करंटने भागले तर रोध (करंटला होणारा अडथळा, रेझिस्टन्स) २६३ ओहम येतो. पण प्लग काढून मल्टिमीटरने मोजला तर तोच ६२ ओहम भरतो. गुणाकार केला तर १९४ वॅट येतात, मोटरच्या प्लेटवर मात्र १८० वॅट लिहिले आहे. खरा आकडा कोणता, मोटर बिघडली आहे का, आणि कूलरला ओला हात लागला की मुंग्या येतात त्याचा या आकड्यांशी काही संबंध आहे का?

तुमची मोजमापे बरोबर आहेत आणि त्यांवरून मोटर तरी ठीक दिसते. घोळ झाला तो हीटरला लागू पडणारे सूत्र मोटरला जसेच्या तसे लावल्यामुळे. मुंग्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर आहे. त्यावर खाली सविस्तर लिहिले आहे, पण तोपर्यंत कूलर चालू असताना त्यात पाणी भरू नका, टाकीला हात लावू नका आणि घरातल्या लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.

आधी सूत्रे एका ठिकाणी मांडू:

रोध = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर = व्होल्टेज × करंट
पॉवर = करंट × करंट × रोध
पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध

व्होल्टेज व्होल्टमध्ये आणि करंट अँपिअरमध्ये घेतला की रोध ओहममध्ये आणि पॉवर वॅटमध्ये मिळते. मीटरवर मिलीअँपिअर दिसत असतील तर आधी १००० ने भागून घ्या. हजारपटीची चूक बहुतेक वेळा इथेच होते. खालची दोन सूत्रे पहिल्या दोनांतूनच निघालेली आहेत, त्यामुळे कोणतेही दोन आकडे हाती असले की उरलेले दोन काढता येतात. अट मात्र एक आहे: दोन्ही आकडे त्याच वस्तूचे, त्याच क्षणाचे हवेत आणि ती वस्तू सगळी वीज फक्त उष्णतेत बदलणारी हवी. गीझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, शेगडीची कॉइल या जातीच्या वस्तूंना चारही सूत्रे बिनधास्त लावा.

२००० वॅटचा गीझर घ्या. २३० व्होल्टवर तो २००० ÷ २३० म्हणजे ८.७ अँपिअर घेतो आणि त्याच्या एलिमेंटचा रोध २३० × २३० ÷ २००० म्हणजे २६.४५ ओहम येतो. गीझर बंद करून, वायर सोडवून मल्टिमीटरने मोजलात तर आकडा याच्या आसपासच मिळेल, फार तर काही टक्के कमी. एलिमेंटची तार निक्रोमची असते आणि तापल्यावर निक्रोमचा रोध थोडासाच वाढतो. गीझरमध्ये दोन एलिमेंट असतील आणि आकडा पन्नासच्या पुढे आला तर त्यांतले एक तुटलेले असू शकते. मीटरने अनंत दाखवले तर एलिमेंट किंवा थर्मल कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा भाग) गेले आहे.

आता याच गीझरला संध्याकाळी १९० व्होल्टच मिळाले तर? रोध तोच राहतो, म्हणून पॉवर १९० × १९० ÷ २६.४५, म्हणजे १३६५ वॅट. व्होल्टेज १७ टक्के घटले, पॉवर ३२ टक्के घटली, कारण सूत्रात व्होल्टेज दोनदा येते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला सुमारे १८८४ किलोज्यूल, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त ऊर्जा लागते. पूर्ण व्होल्टेजवर हे काम १६ मिनिटांत होईल, १९० व्होल्टवर २३ मिनिटे लागतील. युनिट मात्र जवळजवळ तेवढेच पडतील. ‘व्होल्टेज कमी म्हणून बिल जास्त आले’ ही तक्रार गीझरच्या बाबतीत टिकत नाही.

बल्बचे तसे नाही. जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध सूत्राने ५२९ ओहम येतो, पण थंड बल्ब मल्टिमीटरने मोजला तर तो जेमतेम चाळीसच्या आसपास दिसतो. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या आसपास जाते आणि तिचा रोध बारा-तेरा पट होतो. दोन्ही आकडे खरे आहेत, तापमान वेगवेगळे आहे. मोटर वाइंडिंगच्या दुकानांत सिरीज बोर्डावर (तपासायची मोटर बल्बमधूनच वीज घेईल अशा जोडणीच्या बोर्डावर) हाच बल्ब लावतात तो या गुणामुळे: पुढे शॉर्ट असला तर बल्ब पूर्ण पेटतो, स्वतःचा रोध वाढवतो आणि करंट ०.४३ अँपिअरवर थांबवतो. एलईडी बल्बने हे काम होत नाही.

तुमच्या मोटरकडे येऊ. प्लगवर मोजलेले ६२ ओहम म्हणजे पंखा फास्टवर असताना रनिंग वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेचा रोध. स्टार्टिंग वाइंडिंग कपॅसिटरच्या (वीज साठवणाऱ्या डबीच्या) मागे असते आणि मल्टिमीटरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, करंट कपॅसिटरमधून जात नाही, म्हणून ती या मोजणीत येतच नाही. स्पीडचे बटण स्लोवर ठेवलेत तर आकडा वाढलेला दिसेल, कारण ज्या मोटरमध्ये स्पीडसाठी टॅपिंग असते तिथे जादा वेढे मध्ये येतात.

या ६२ ओहमवरून करंट काढायला गेलात तर २२६ ÷ ६२ म्हणजे ३.६५ अँपिअर येईल आणि पॉवर ८२४ वॅट. तेवढा करंट खरोखर गेला असता तर मोटर काही मिनिटांत जळाली असती. तो जात नाही कारण एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या घरच्या विजेवर, वाइंडिंग केवळ तारेचा रोध म्हणून वागत नाही. लोखंडी कोअरवरच्या वेढ्यांत बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे उलट दिशेचे व्होल्टेज तयार होते आणि बहुतेक अडवणूक तेच करते. व्होल्टेजला करंटने भागून आलेले २६३ ओहम ही ती एकूण अडवणूक, तिला इंपिडन्स म्हणतात. हा आकडा चालत्या मोटरचा आहे. रोटर जाम झाला तर तो लगेच घसरतो आणि करंट वाढतो, शिवाय मोटरवरून वाहणारा वारा थांबतो. म्हणूनच बेअरिंग जाम झालेली मोटर ‘हूं’ असा आवाज करत थोड्या वेळात वास मारू लागते.

आता वॅट. २२६ × ०.८६ = १९४ हे व्होल्ट-अँपिअर आहेत. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या थोडा मागे-पुढे चालतो, त्यामुळे या गुणाकारातला काही भाग वीज घेऊन परत देण्यात जातो. तो युनिटमध्ये मोजला जात नाही. खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरने गुणावे लागते:

वॅट = व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर

पॉवर फॅक्टर व्होल्टेज आणि करंटच्या आकड्यांतून काढता येत नाही. त्याला वॅटमीटर हवा, आणि सुदैवाने तो प्रत्येक घरात लावलेला आहे. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘एका युनिटला ३२०० पल्स’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, तो आधी वाचा. ३६ लाखांना त्या आकड्याने भागले की एका लुकलुकीमागची ऊर्जा ज्यूलमध्ये मिळते. ३२०० साठी ती ११२५ ज्यूल. मग:

वॅट = ११२५ × लुकलुकी ÷ सेकंद

घरातले बाकी सगळे बंद करा. फ्रिज, राउटर आणि विशेषतः इन्व्हर्टर विसरू नका. इन्व्हर्टर बॅटरी चार्ज करत राहिला तर हिशेब पार बिघडतो. तो केवळ स्विचने बंद न करता त्याचा प्लग काढा. आणि कूलरचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर मोजणीपुरता कूलर साध्या लाइनवरच्या सॉकेटला लावा, नाहीतर त्याला वीजच मिळणार नाही. कूलरच्या पंपाचे बटण बंद, पंखा फास्ट. पहिली लुकलुक दिसली की शून्य म्हणा आणि दहावीपर्यंत वेळ मोजा. ६६ सेकंद लागले तर ११२५० ÷ ६६ म्हणजे १७० वॅट. तुमच्या १९४ ने भागले की पॉवर फॅक्टर ०.८८ निघतो, आणि कपॅसिटरवर चालणाऱ्या मोटरसाठी हा आकडा अगदी रास्त आहे. प्लेटवरचे १८० हे ठरावीक व्होल्टेजवरचे कमाल, त्यामुळे त्याच्या आत राहणे योग्यच. तुमच्याकडे वेळ ५० सेकंदांवर आली, म्हणजे २२५ वॅट, तर मात्र मोटरवर काहीतरी जादा भार आहे. आधी पंख्याचे पाते हाताने फिरवून बघा, अर्थात प्लग काढून.

दहा तास चालणारा हा पंखा १.७ युनिट घेतो. मे महिन्यात जिथे कूलर रात्रंदिवस चालतो तिथे चोवीस तासांचे चार युनिट धरा, पंपाचे वेगळे.

मोटरच्या तब्येतीसाठी ६२ ओहमचा आकडा फार उपयोगी आहे, पण तापमानाशिवाय त्याला अर्थ नाही. तांब्याचा रोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. नागपुरात जानेवारीच्या पहाटे १५ अंशांवर मोजलेली वाइंडिंग आणि मे महिन्यात ४० अंशांवर मोजलेली तीच वाइंडिंग यांत १० टक्क्यांचा फरक केवळ ऋतूमुळे पडतो. वेढे शॉर्ट झाल्यावर रोध ज्या प्रमाणात घटतो तेही साधारण याच घरातले असते. म्हणून मेकॅनिकने ‘ओहम कमी झाले’ असे सांगितले तर आधी दोन्ही वेळचे तापमान विचारा. वेढे खरोखर शॉर्ट असतील तर रोध कमी, करंट जास्त, मोटर मंदावलेली आणि असह्य तापलेली अशी चारही लक्षणे एकत्र दिसतात.

याच गुणधर्माचा दुसरा उपयोग असा की थर्मामीटर न घालता मोटरच्या पोटातले तापमान काढता येते. सकाळी मोटर रात्रभर बंद असताना रोध मोजा आणि खोलीचे तापमान लिहून ठेवा. समजा ३० अंशांवर ६२ ओहम. दुपारी दोन तास चालवून बंद करा, प्लग काढा, कपॅसिटर डिस्चार्ज करा (त्यात साठलेली वीज काढून टाका) आणि अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा मोजा. समजा ७६ आले. मग:

गरम तापमान = (गरम रोध ÷ थंड रोध) × (२३४.५ + थंड तापमान) − २३४.५

७६ ÷ ६२ = १.२२६, त्याला २६४.५ ने गुणले की ३२४, त्यातून २३४.५ वजा केले की ९० अंश. २३४.५ हा तांब्याचा ठरलेला आकडा आहे. स्वस्त मोटरमध्ये ॲल्युमिनियमची वाइंडिंग असते, तिच्यासाठी २२५ घ्या. ९० अंश ही सरासरी आहे, सर्वांत गरम जागा आणखी काही अंश वर असते. बी क्लासच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० अंशांची, त्यामुळे ही मोटर सुरक्षित आहे. ११५-१२० निघाले तर ती मोटर फार उन्हाळे काढणार नाही.

पंखा हळू फिरतो पण वाइंडिंग ठीक आहे, अशा वेळी कपॅसिटर बघायचा, आणि इथेही व्होल्टेज भागिले करंट हाच हिशेब कामी येतो. चालत्या मोटरवर कपॅसिटरच्या एका वायरीचा करंट आणि त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मोजा. ५० सायकलच्या आपल्या लाइनवर कपॅसिटरची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये अशी निघते:

मायक्रोफॅरड = ३१८३ × करंट ÷ व्होल्टेज

०.३८ अँपिअर आणि ३१० व्होल्ट असतील तर ३.९ मायक्रोफॅरड, म्हणजे ४ चा कपॅसिटर चांगला आहे. २.८ निघाले तर बदला. कपॅसिटरवर लाइनपेक्षा जास्त व्होल्टेज दिसते म्हणून घाबरू नका. त्याच कारणाने त्यावर ४४० व्होल्ट छापलेले असते आणि म्हणूनच २५० व्होल्टचा कपॅसिटर तिथे लावायचा नसतो. उघड्या टर्मिनलवरचे हे काम ज्याला चालू लाइनवर काम करण्याचा सराव आहे त्यानेच करावे. बाकीच्यांनी कपॅसिटर काढून, डिस्चार्ज करून, मायक्रोफॅरड मोजणाऱ्या मल्टिमीटरवर तपासावा.

करंट नीट मोजणे हा या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा आहे. क्लॅम्प मीटर (तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा) दोन्ही तारा असलेल्या अखंड केबलभोवती लावला तर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. म्हणून एक छोटी एक्स्टेन्शन बनवून ठेवा जिच्यात मध्ये हातभर फेजची तार वेगळी, पूर्ण इन्सुलेशनसकट, बाहेर काढलेली आहे. दुसरी अडचण लहान करंटची. ४०० अँपिअरपर्यंत मोजणाऱ्या क्लॅम्पवर ०.८६ हा आकडा शेवटच्या काही अंकांवर टेकलेला असतो आणि दोन-चार अंकांची हेलकावणी तिथे सहज ५ टक्के होते. तीच फेजची तार जबड्यातून दहा वेळा गुंडाळा, मीटर ८.६ दाखवेल, त्याला १० ने भागा. आकडा एकदम स्थिर होतो.

मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकात प्रोब लावून मेन लाइनचा करंट मोजायचा मोह टाळा. त्याहून वाईट म्हणजे करंट मोजून झाल्यावर प्रोब त्याच भोकात ठेवून सॉकेटमधले व्होल्टेज मोजणे. ती जागा मीटरच्या आत जवळजवळ शून्य ओहमची असते, म्हणजे तुम्ही फेज आणि न्यूट्रल सरळ जोडता. स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेवर फ्यूजही नसतो. ठिणगी, वितळलेले प्रोब आणि भाजलेला हात यांचे हे नेहमीचे कारण आहे. घरच्या बोर्डावर काम करायचे तर कॅट थ्री, ६०० व्होल्ट लिहिलेला मीटर घ्या.

रोध मोजताना वीज बंद, प्लग बाहेर, कपॅसिटर डिस्चार्ज, आणि मोजायच्या भागाचे किमान एक टोक सुटे. टोक सुटे नसेल तर शेजारच्या वाटाही समांतर मोजल्या जातात आणि आकडा कमी येतो. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा ०.२ ते ०.४ ओहम लहान मोजमापांतून वजा करा. मोठ्या रोधांत दोन्ही टोके बोटांनी धरू नका, तुमचे शरीर समांतर लागते.

व्होल्टेज कुठे मोजता यालाही महत्त्व आहे. बोर्डावर २२६ आणि खिडकीबाहेरच्या कूलरवर २१९, असे लांब पातळ वायरीवर होते. १ स्क्वेअर एमएमच्या मऊ तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला १९.५ ओहमपर्यंत, अडीच एमएमचा ८ ओहमपर्यंत असतो. १२ मीटर लांबीवर जाऊन-येऊन २४ मीटर होतात, म्हणजे १ एमएमला ०.४७ ओहम. कूलरच्या ०.८६ अँपिअरवर हे अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी आहे. तेव्हा इतक्या लांबीवर ७ व्होल्ट पडत असतील तर दोष वायरीचा नाही, कुठेतरी जोड सैल आहे. त्याच वायरीवर गीझर लावला तर ४ व्होल्ट पडतात आणि ३५ वॅट वायरीतच जळतात. उन्हाळ्यात गच्चीवरून गेलेल्या तापलेल्या वायरीत थोडे जास्तच.

सैल जोडाचे गणित तर प्रत्येक घरात माहीत असायला हवे. सॉकेटच्या पितळी पट्टीत ०.५ ओहमचा सैल संपर्क आहे असे धरा. कूलर लावला तर तिथे ०.८६ × ०.८६ × ०.५, म्हणजे ०.३७ वॅट, काहीच जाणवत नाही. त्याच सॉकेटला गीझर लावला तर ८.७ × ८.७ × ०.५, म्हणजे ३८ वॅट, एवढ्याशा जागेत. सोल्डरिंग आयर्नची पॉवर साधारण तेवढीच असते. प्लॅस्टिक तपकिरी पडते, स्प्रिंग तापून आणखी सैल होते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. ‘कूलर वर्षभर चालला, गीझर लावला आणि दोन दिवसांत सॉकेट जळाले’ याचा दोष गीझरकडे नसतो. करंट दहापट झाला की उष्णता शंभरपट होते. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच, इथे पडत नाही, कारण एकूण करंट त्याच्या मर्यादेतच असतो. पिनचा टॉप गरम लागला तर सॉकेट बदला, १६ अँपिअरचे घ्या आणि स्क्रू पुन्हा एकदा आवळा.

कमी व्होल्टेजला हीटर आणि मोटर उलट वागतात हेही इथेच सांगायला हवे. गीझरचा करंट व्होल्टेजबरोबर घटतो. बोअरवेलच्या पंपाचा किंवा एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरचा वाढतो, कारण पाणी तेवढेच उचलायचे असते आणि व्होल्टेज कमी म्हणून मोटर जास्त करंट ओढते. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांत ५ एचपीचा थ्री-फेज सबमर्सिबल असेल तर हिशेब असा: १.७३२ × ४१५ × ८.५ × ०.८२, म्हणजे सुमारे ५००० वॅट लाइनमधून आत. शाफ्टवर मिळणारे ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. उरलेले नुकसानीत जाते. लाइन ३५० व्होल्टवर आली की तोच पंप १० अँपिअरच्या आसपास जातो आणि वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते. ओव्हरलोड रिले (करंट वाढला की पंप बंद करणारा स्विच) प्लेटवरच्या करंटवर सेट करा. ‘वारंवार पडतो’ म्हणून वाढवून ठेवलेला रिले पंप जाळतो.

एलईडी बल्ब, बीएलडीसी (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा) पंखा, मोबाइलचा चार्जर यांना व्होल्टेज भागिले करंट करून येणारे ओहम निरर्थक आहेत. त्यांचा करंट साइन वेव्हच्या, म्हणजे गुळगुळीत लाटेच्या, आकाराचा नसतो, साधा मीटर तो चुकीचा वाचतो, आणि पॉवर फॅक्टर बऱ्याचदा ०.५-०.६ असतो. ९ वॅटच्या बल्बवर ०.०७ अँपिअर दिसला म्हणून तो १६ वॅट खातो असे होत नाही. ट्रू आरएमएस मीटर (कोणत्याही आकाराच्या लाटेसाठी बनवलेला) करंट बरोबर वाचेल, वॅट तरीही वॅटमीटरच सांगेल.

आता मुंग्या. ओहमचा नियम इथे जिवाशी खेळतो.

माणसाला साधारण १ मिलीअँपिअरला मुंग्या जाणवतात, १० च्या आसपास पकडलेली वस्तू सोडवत नाही, आणि ३० च्या वर काही क्षणांत हृदयाला धोका असतो. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध १००० ओहम धरतात. २३० ÷ १००० म्हणजे २३० मिलीअँपिअर. एमसीबीला हा करंट दिसतही नाही, तो १६ अँपिअरसाठी आहे. नागपुरात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात त्यामागचे गणित एवढेच आहे.

तुम्हाला मुंग्या येतात, म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्या आहेत: आत कुठेतरी इन्सुलेशन ओले किंवा फाटलेले आहे, आणि टाकी अर्थला, म्हणजे जमिनीत नेलेल्या सुरक्षेच्या तारेला, जोडलेली नाही. गळतीचा रोध १ लाख ओहम असला तर २.३ मिलीअँपिअर गळतो, तेवढ्याच मुंग्या लागतात. तोच घसरून २० हजारांवर आला तर ११.५. आज मुंग्या, उद्या हात सुटत नाही, इतकेच अंतर आहे.

साधा मल्टिमीटर ओहमवर ठेवून ही गळती बहुतेक वेळा सापडत नाही, कारण तो एक-दोन व्होल्टवर मोजतो. ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लावा. प्लग काढा, कूलरचे स्विच चालू स्थितीत ठेवा, फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र बांधून त्या आणि टाकीचा रंग खरवडलेला पत्रा यांच्यात मोजा. १० लाख ओहम, म्हणजे १ मेगओहमपेक्षा कमी आले तर कूलर वापरू नका. मग पंप सोडवून पुन्हा मोजा. आकडा सुधारला तर गुन्हेगार पंप. एकदा खात्रीसाठी पंप प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात बुडवून त्याच्या दोन्ही तारा आणि पाणी यांच्यात मेगर करा. पंपाच्या वायरीचा जोड पाण्यात किंवा पाण्याच्या पातळीजवळ टेपने गुंडाळलेला असतो, गळती तिथेच जास्त मिळते. टेपवर विश्वास नको, अखंड वायर घाला.

मग अर्थ. थ्री-पिन टॉप उघडून हिरवी तार मोठ्या पिनेला आणि दुसरे टोक टाकीच्या पत्र्याला खरोखर जोडले आहे का बघा. मोठी पिन ते पत्रा हा रोध अर्ध्या ओहमच्या आत हवा. पुढे घराच्या अर्थचा खड्डा. फेजची तार टाकीला टेकली आणि अर्थच्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम असला तर ४६ अँपिअर वाहतात. १६ चा एमसीबी पडतो, पण काही सेकंद घेऊन. तोच रोध ५० ओहम असला तर ४.६ अँपिअर, एमसीबी कधीच पडत नाही आणि टाकी जवळजवळ पूर्ण २३० व्होल्टवर उभी राहते. मे महिन्यात काळी माती भेगाळून कोरडी पडते, खड्ड्यात पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि हिवाळ्यात चांगली असलेली अर्थिंग नेमकी कूलरच्या दिवसांत निकामी होते. खड्ड्यात पाणी घालत राहा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी अर्थ टेस्टरने मोजून घ्या.

अर्थ ५० ओहमवर गेली तरी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) ४.६ अँपिअरच्या गळतीला क्षणात पडतो. म्हणून तो बसवाच. त्याचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर त्याच दिवशी बदला. आरसीसीबी बसवल्यावर तो सारखा पडू लागला तर तो काढून टाकू नका आणि १०० मिलीअँपिअरचाही लावू नका. एकेक उपकरणाचा प्लग काढत जा, ज्याचा प्लग काढल्यावर तो टिकेल त्याच्यावर मेगर लावा. तुमच्या घरी सुरुवात कूलरच्या पंपापासून करा.